तरफेचा हिशेब : पहारीपासून ट्रॅक्टरपर्यंत

शेतीतील बहुतेक कामे बळाने होतात. परंतु बळ किती लावले, यापेक्षा ते कोठे आणि कोणत्या दिशेने लावले, यावरच पुष्कळदा कामाचे यश अवलंबून असते. दोन गड्यांना न हललेला धोंडा एखादा वृद्ध शेतकरी पहारीने सहज उलटवितो. सारख्याच ओझ्याच्या दोन गाड्यांपैकी एकीचे बैल ताठ मानेने चालतात आणि दुसरीच्या बैलांची मान दबून जाते. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असे आपण म्हणतो. ह्या युक्तीच्या मुळाशी एक साधा हिशेब आहे. तो ज्याला गुणाकार व भागाकार येतो अशा कोणाही शेतकऱ्याला करता येण्यासारखा असून, त्याच्या उपयोगाने श्रम वाचतात, जनावरांचे हाल टळतात, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत तर माणसाचा जीवही वाचतो. म्हणून त्याची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

परिबल म्हणजे काय?

एका ठिकाणी टेकलेला आणि त्या ठिकाणाभोवती फिरू शकणारा कोणताही दांडा म्हणजे तरफ होय. ज्या बिंदूवर दांडा टेकतो त्यास टेकू म्हणतात. टेकूपासून आपण बळ लावतो तेथपर्यंतच्या अंतरास बलभुजा, आणि टेकूपासून ओझे असते तेथपर्यंतच्या अंतरास भारभुजा असे म्हणतात.

दांड्यास फिरविण्याची बळाची जी क्षमता, तिला परिबल असे नाव आहे. ते काढण्याची रीत अशी :

परिबल = बळ × टेकूपासूनचे लंब अंतर

बळ किलोग्रॅममध्ये आणि अंतर सेंटिमीटरमध्ये मोजले, तर परिबल किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये येते. अंतर मीटरमध्ये घेतले, तर ते किलोग्रॅम-मीटरमध्ये येते. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत हेच माप न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर, व्यवहारात १० धरावयास हरकत नाही.

तरफ तोलून राहिली असेल, तर तिला एका बाजूस फिरविणाऱ्या बळांचे परिबल आणि दुसऱ्या बाजूस फिरविणाऱ्या बळांचे परिबल ही समान असतात. पुढील सर्व हिशेब ह्या एकाच नियमावर आधारलेले आहेत.

येथे ‘लंब अंतर’ ह्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. बळाची दिशा दांड्याशी काटकोनात असेल, तर दांड्याची पूर्ण लांबी कामी येते. दिशा तिरपी झाली की कामी येणारे अंतर घटते. बळ दांड्याशी ६० अंशांचा कोन करीत असेल, तर शंभरांपैकी सुमारे ८७ भाग अंतर उपयोगी पडते. ३० अंशांचा कोन असेल, तर निम्मेच. आणि बळ दांड्याच्या रेषेतच लावले, तर कितीही जोर केला तरी फिरविण्याचे काम मुळीच होत नाही. दाराच्या बिजागरीकडे दाबून दार मिटत नाही, याचेही कारण हेच.

पहार आणि धोंडा

समजा, बांधालगत ४०० किलो वजनाचा एक चपटा धोंडा आहे. तो उलटविताना त्याची एकच कड उचलावयाची असते. दुसरी कड जमिनीवर टेकलेली राहून निम्मे वजन पेलते. म्हणून पहारीच्या टोकावर येणारा भार ४०० नव्हे, तर सुमारे २०० किलो असतो.

पहार १५० सेंमी लांब असून टेकू टोकापासून १५ सेंमीवर ठेवला, तर भारभुजा १५ सेंमी आणि बलभुजा १३५ सेंमी होते. भाराचे परिबल २०० × १५ = ३००० किलोग्रॅम-सेंमी. त्यास १३५ ने भागले असता २२ येतात. म्हणजे सुमारे २२ किलोचा दाब पुरे होतो. आता तोच टेकू केवळ १५ सेंमी मागे, म्हणजे टोकापासून ३० सेंमीवर घेतला, तर भाराचे परिबल ६००० होते, बलभुजा १२० सेंमी उरते आणि ५० किलोचा दाब द्यावा लागतो. टेकूची जागा वीतभरही न हलता श्रम दुपटीहून अधिक वाढले.

परंतु तरफ बळ फुकट देत नाही. पहिल्या रीतीत हाताकडील टोक ४५ सेंमी खाली गेले, तर धोंडा ५ सेंमीच वर येतो. बळात जे वाचते ते अंतरात द्यावे लागते. म्हणून प्रत्येक वेळी कड वर आली की तिच्याखाली दगडाची चीप सारावी आणि टेकू पुन्हा धोंड्याजवळ आणावा. टेकू कठीण दगडाचा किंवा लाकडाच्या ठोकळ्याचा असावा. भुसभुशीत जमिनीत तो खचल्यास सर्व श्रम माती दाबण्यातच जातात. पहारीवर आडवे पडून जोर करू नये. ती निसटल्यास छातीवर किंवा जबड्यावर आघात होतो.

हातपंपाचा दांडा

विंधणविहिरीवरील हातपंप ही गावातील सर्वांच्या परिचयाची तरफ आहे. ह्या पंपाच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जालना व सोलापूर येथे खोल विंधणविहिरींसाठी पोलादी हातपंप तयार करण्यात आले आणि सोलापूर पंपाच्या पायावर १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा पंप सिद्ध झाला. ह्या पंपात दांड्याची बलभुजा भारभुजेच्या आठपट असते.

पाणी ३० मीटर खोल असेल, तर हातावर किती भार येतो ते पाहू. पंपाच्या सिलिंडरचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस सेंमी असते. त्यावर ३००० सेंमी उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे ९५ किलो भरतो. १२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी सळईचे वजन दर मीटरला सुमारे ०.९ किलो, ३० मीटरचे २७ किलो. एकूण भार सुमारे १२० किलो. त्यास ८ ने भागले की १५ किलो येतात. घर्षणासाठी त्यात थोडी भर घालावी. याचा अर्थ असा की, घरातील स्त्रियांना व मुलांनाही हा पंप हापसता येतो.

आता दांडा मोडल्यावर निम्म्या लांबीचा नळ जोडून काम भागविले, तर आठपटीची चौपट होते आणि हातावर १५ ऐवजी ३० किलो येतात. अशा पंपावर पाणी भरणाऱ्या बाईला प्रत्येक हंड्यामागे ही शिक्षा भोगावी लागते. पंपात दोष नसतो. दांडा आखूड असतो एवढेच. म्हणून ग्रामपंचायतीने दुरुस्तीच्या वेळी दांडा मूळ लांबीचाच बसवून घ्यावा.

सोलापूर पंपातील आणखी एक योजना ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यात सळई दांड्याला थेट न जोडता कमानीवरून जाणाऱ्या साखळीने जोडलेली असते. दांडा वरखाली झाला तरी साखळी कमानीच्या कडेवरून सरळ खालीच उतरते. त्यामुळे लंब अंतर बदलत नाही आणि सळईही आजूबाजूस घासत नाही.

बैलगाडीचा तोल

दोन चाकांची बैलगाडी ही देखील तरफच होय. चाकांचा आख हा टेकू, आणि जू हे तरफेचे पुढचे टोक. गाडीतील ओझ्याचा मध्य आखाच्या बरोबर वर असेल, तर उभ्या गाडीत बैलांच्या मानेवर त्या ओझ्याचा भार पडत नाही. मध्य आखाच्या पुढे गेला, तर मानेवर भार येतो. मागे गेला, तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जोते बैलांच्या गळ्याला आवळतात.

आखापासून जू ३०० सेंमीवर आणि ओझे १००० किलो आहे, असे धरू. ओझ्याचा मध्य आखाच्या १० सेंमी पुढे असेल, तर परिबल १०,००० किलोग्रॅम-सेंमी आणि जुवावरील भार ३३ किलो. प्रत्येक बैलाच्या वाट्यास सुमारे १७ किलो येतात. मध्य ३० सेंमी पुढे गेला, तर हाच भार १०० किलो, म्हणजे दर बैलास ५० किलो होतो. ओझे तेवढेच, गाडी तीच, बैल तेच. केवळ भरण्यात वीतभराचा फरक पडला आणि मानेवरील भार तिप्पट झाला.

चढउतारावर हा हिशेब बदलतो. ओझ्याचा मध्य आखापासून जितका उंच, तितका तो उतारावर पुढे व चढावर मागे सरकल्यासारखा होतो. उंच रचलेल्या उसाच्या किंवा कडब्याच्या गाडीत हा मध्य आखाच्या वर ९० सेंमी असू शकतो. दहा मीटरला एक मीटर असा चढउतार असेल, तर तो ९ सेंमी मागे किंवा पुढे जातो. अशी गाडी चढावर उलाळ होऊ नये म्हणून ओझ्याचा मध्य सपाटीवर निदान १० सेंमी पुढे ठेवावा लागतो. मग उतारावर तो १९ सेंमी पुढे जातो आणि जुवावर सुमारे ६३ किलो भार येतो. तेच ओझे बसके रचून मध्य ६० सेंमी उंचीवर ठेवला, तर सरक ६ सेंमीच होते. सपाटीवर ७ सेंमी पुढे ठेवणे पुरते आणि उतारावरील भार सुमारे ४३ किलो राहतो. सारांश, गाडी बसकी भरणे म्हणजे बैलांच्या मानेवरचे वीस किलो उतरविणे होय.

गाडीवानाचे वजनही विसरू नये. ६० किलोचा गाडीवान आखाच्या १५० सेंमी पुढे बसला, तर त्याचे एकट्याचे ३० किलो जुवावर येतात. म्हणून उतारावर त्याने खाली उतरून बैलांबरोबर चालणे इष्ट आहे.

जुवावरील भार मोजण्याची रीत सोपी आहे. गाडी भरून झाल्यावर, बैल जुंपण्यापूर्वी, चाकांना मागेपुढे उटी लावावी आणि जू नेहमीच्या उंचीवर येईल अशा रीतीने ते वजनकाट्यावर ठेवलेल्या ठोकळ्यावर टेकवावे. काटा दाखवील ते ठोकळ्याचे वजन वजा केले की मानेवरील भार मिळतो. येथे एक इशारा दिला पाहिजे. तोल साधला म्हणून वाटेल तेवढे ओझे भरता येते असे नाही. तोलाने मानेवरील दाब कमी होतो. गाडी ओढण्याचे श्रम ओझ्याप्रमाणे राहतातच. ओझ्याच्या मर्यादा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील १९६५ च्या नियमांत दिलेल्या असून त्या पाळणे बंधनकारक आहे.

विषम जोडीचे जू

जोडीतला एक बैल थोर आणि दुसरा लहान किंवा आजारातून उठलेला, असे अनेकदा घडते. अशा वेळी दुबळ्या बैलास चाबूक दाखविण्यापेक्षा जुवाचा हिशेब सुधारावा. दोन्ही बैलांच्या खांद्यांमधील अंतर १२० सेंमी असून औताची ओढ ६० किलो आहे, असे धरा. हाळीस जुवाच्या बरोबर मध्यावर बांधली, तर दोघांवर ३०-३० किलो ओढ येते. बांधणी थोर बैलाकडे ६ सेंमी सरकविली, तर त्याची भुजा ५४ सेंमी व दुबळ्याची ६६ सेंमी होते. मग थोर बैल ६० × ६६ ÷ १२० = ३३ किलो ओढतो आणि दुबळ्यास २७ किलोच ओढावे लागतात.

म्हणजे दुबळ्याकडे जुवाची बाजू लांब ठेवावयाची. जाणते औतकरी हे पूर्वापार करीत आले आहेत. हिशेबाने फक्त ते किती करावे हे समजते. एका वेळी दोन-तीन सेंमीहून अधिक सरकवू नये आणि दोन्ही बैल एका रेषेत चालतात की नाही ते पाहावे. दुबळा बैल सावरल्यावर बांधणी पुन्हा मध्यावर आणावी. नाही तर थोर बैलाच्या खांद्यास कायमचा जादा ताण पडून खांदेसूज होण्याचा संभव असतो.

पाना आणि नट

इंजिनाचा किंवा ट्रॅक्टरच्या चाकाचा नट आवळताना पान्याची लांबी ही बलभुजा होय. ३० सेंमी लांबीच्या पान्यावर २० किलो जोर दिला, तर ६ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ५९ न्यूटन-मीटर परिबल मिळते. पान्यात नळ घालून लांबी ६० सेंमी केली, तर तेवढ्याच जोराने ते दुप्पट होते. गंजलेला नट सोडविताना ही युक्ती उपयोगी आहे. परंतु आवळताना तीच वापरल्यास आटे झिजतात किंवा बोल्ट ताणून तुटतो. हाताला तर जोर नेहमीचाच वाटतो. म्हणून नुकसान होत आहे हे कळत नाही. यास्तव आवळताना पुस्तिकेतील न्यूटन-मीटरचा आकडा पाहावा, त्यावरून आपल्या पान्यावर किती जोर द्यावयाचा ते काढावे, आणि जोर पान्याशी काटकोनात द्यावा.

ट्रॅक्टर मागे का उलटतो?

आतापर्यंतच्या उदाहरणांत चूक झाली तर श्रम किंवा पैसा जातो. येथे प्राण जातो. म्हणून हा भाग ट्रॅक्टरचालकांना अवश्य वाचून दाखवावा.

मागील चाके जमिनीस जेथे टेकतात तो बिंदू हा टेकू समजा. ट्रॅक्टरचे वजन त्याचे पुढील चाक खाली दाबून ठेवते; मागे जोडलेली ओढ पुढील चाक वर उचलू पाहते. २००० किलो वजनाच्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या ८० सेंमी पुढे असेल, तर खाली दाबणारे परिबल २००० × ०.८० = १६०० किलोग्रॅम-मीटर होते. दोन्ही आसांतील अंतर २ मीटर धरल्यास उभ्या ट्रॅक्टरच्या पुढील चाकांवर ८०० किलो भार असतो.

आता १००० किलोची ओढ जमिनीपासून ४० सेंमी उंचीवरील ओढदांड्यास जोडली, तर उचलणारे परिबल ४०० होते. उरलेल्या १२०० मुळे पुढील चाकांवर ६०० किलो भार राहतो. तीच साखळी वर, ९० सेंमी उंचीवर अडकविली, तर उचलणारे परिबल ९०० होते आणि पुढे ३५० किलोच उरतात.

आता ट्रॅक्टर चार मीटरला एक मीटर अशा चढावर आहे असे समजा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंमी उंच असेल, तर वजनाची रेषा मागे सरकते आणि लंब अंतर ८० वरून सुमारे ६० सेंमीवर येते. खाली दाबणारे परिबल १२०० च राहते. उंच अडकविलेली १००० किलोची ओढ त्यातील ९०० खाते. पुढील चाकांवर १५० किलो उरतात आणि सुकाणू लागेनासे होते. तशात झाडाचा बुंधा उपटण्यासाठी क्लच एकदम सोडून झटका दिला व ओढ १३०० किलोवर गेली, तर उचलणारे परिबल ११७० होते आणि पुढील चाके जवळजवळ अधांतरी होतात. तोल सुटला की ट्रॅक्टर मागे कोसळावयास एक-दोन सेकंद पुरतात. चालकास उडी मारण्यास अवसर मिळत नाही. हीच १३०० किलोची ओढ खालच्या ओढदांड्यास असती, तर उचलणारे परिबल ५२० च झाले असते आणि पुढे सुमारे ३४० किलो भार शिल्लक राहिला असता.

खालच्या जोडणीचा आणखी एक लाभ आहे. पुढील चाके उचलू लागली की आसामागील ओढदांडा खाली जातो, त्याची उंची घटते आणि उचलणारे परिबल आपोआप कमी होते. उंच जोडणीत हे संरक्षण मिळत नाही.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. ओढावयाची वस्तू नेहमी ओढदांड्यासच जोडावी. आसाला, आसनाखाली किंवा वरच्या जोडदांड्याच्या जागी साखळी कधीही अडकवू नये.

२. ओढ असताना क्लच हळूहळू सोडावा. झटका देऊन बुंधा किंवा रुतलेले वाहन काढू नये.

३. मागील चाके चिखलात रुतली असता त्यांच्यापुढे ओंडका बांधून पुढे जोर करू नये. चाके अडली की इंजिनाचे बळ चाके फिरविण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरवू लागते. चिखल काढून मागे घ्यावे, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी.

४. जड औजार मागे असेल तेव्हा पुढे शिफारशीप्रमाणे वजने लावावीत.

५. चालकाभोवतीची संरक्षक चौकट काढून ठेवू नये, आणि चौकट असलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधूनच बसावे.

गावात प्रात्यक्षिक कसे करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय फळ्यावर न शिकविता प्रत्यक्ष दाखवावा. दोन मीटर लांबीचा सरळ बांबू मध्यावर दोरीने टांगावा. एका बाजूस मध्यापासून ३० सेंमीवर २ किलोचे वजन अडकवावे आणि १ किलोचे वजन दुसऱ्या बाजूस कोठे टांगले असता बांबू तोलेल, ते जमलेल्या मंडळींना आधी विचारावे. नंतर ते ६० सेंमीवर टांगून दाखवावे. एकदा हे डोळ्यांनी पाहिले की परिबलाचा नियम पुन्हा सांगावा लागत नाही. त्यानंतर एक भरलेली गाडी घेऊन जुवावरील भार काट्यावर मोजावा, दोन पोती मागे सरकवून तो पुन्हा मोजावा, आणि दोन्ही आकडे सर्वांसमोर खडूने गाडीच्या फळीवर लिहावेत.

टेप, वजनकाटा आणि थोडा हिशेब यांपलीकडे ह्या कामास कोणत्याही खर्चाची गरज नाही. गाडी भरताना, जू बांधताना, पाना हाती घेताना आणि विशेषतः ट्रॅक्टरला साखळी जोडताना ‘टेकू कोठे, भुजा किती’ हा एक प्रश्न शेतकरी बंधुभगिनींनी स्वतःस विचारण्याची सवय लावून घ्यावी. त्याचे उत्तर काढावयास मिनिटभर पुरते.